पुण्यात राहत्या फ्लॅटचं काम काढताना पैशांचा हिशेब कसा मांडायचा

घराचं काम काढायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास हाच: "स्क्वेअर फुटाला किती पडतील?" नव्या बांधकामाला हा प्रश्न ठीक आहे. राहत्या फ्लॅटच्या कामाला तो उपयोगी पडत नाही. एकाच सोसायटीतले साडेसहाशे फुटांचे दोन फ्लॅट घ्या. एकात नुसता रंग आणि ओटा बदलायचा असतो, दुसऱ्यात नळाच्या लाइनी, वायरिंग आणि दोन्ही बाथरूम मुळापासून उकरायची असतात. दोघांचा खर्च एका दरात बसवायचा म्हटला तर एकाचं अंदाजपत्रक तरी चुकणारच.

त्यामुळे या लेखात फुटाचा दर सांगितलेला नाही. हिशेब कोणत्या क्रमाने मांडायचा, ते सांगितलं आहे. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: जे काम नंतर दुरुस्त करायला फरशी किंवा भिंत फोडावी लागेल, त्याला आधी पैसे द्या. बाकी सगळं मागाहून करता येतं.

पहिली पायरी: इमारतीचं भवितव्य विचारा

कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर या भागांतल्या लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या एकामागोमाग रिडेव्हलपमेंटला जात आहेत. तुमची इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर खर्चाचा कागद हातात घेण्याआधी सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारा. सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय आला आहे का? सल्लागार नेमून फिजिबिलिटी रिपोर्ट (पुनर्विकास परवडतो का, याचा अहवाल) मागवला आहे का? शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. तो अहवाल सभासद म्हणून मागून घ्या आणि वाचा.

चार-पाच वर्षांत इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडली जाणार असं दिसत असेल तर खर्चाची दिशाच बदलते. अशा वेळी ओल, वायरिंग आणि गळके नळ यांच्यापुरतं काम करा आणि उरलेले पैसे सुट्या वस्तूंवर घाला. सुटी कपाटं, पंखे, दिवे, गीझर पुढच्या घरात नेता येतात. भिंतीला चिकटवलेली टाइल नेता येत नाही.

याच भेटीत ओलीचा विषयही काढा. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपांमधून येणाऱ्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार सोसायटीने करायची असते. बाहेरची भेग तशीच ठेवून आत पुट्टी आणि महागडा रंग मारला तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतात. सोसायटीकडून ते काम लेखी अर्ज देऊन करून घ्या, मग आतला रंग.

भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. पेठांमधल्या जुन्या लोड बेअरिंग इमारतींत भिंतीच स्लॅब पेलतात. आरसीसी, म्हणजे कॉलम-बीमवर उभ्या इमारतीत मधली पातळ भिंत काढता येऊ शकते, पण ते ठेकेदाराने ठोकून बघून ठरवायचं नसतं. बीम, कॉलम किंवा स्लॅबला हात लागणारं कुठलंही काम महापालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिनिअरची फी अंदाजपत्रकातली पहिली ओळ समजा.

दुसरी पायरी: हातातली रक्कम आणि कामाची रक्कम वेगळी करा

इथेच सर्वात जास्त लोकांची फसगत होते, म्हणून आकडे घालून सांगतो. समजा, तुमच्याकडे १२ लाख रुपये आहेत. इमारत जुनी आहे, फोडल्यावर काय निघेल याचा भरवसा नाही. म्हणून १५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, राखीव म्हणून वेगळ्या खात्यात टाका. नव्या इमारतीला १० टक्केही पुरतील. राहिले १० लाख २० हजार.

काम चालू असताना तीन महिने भाड्याने राहायचं आहे. महिना २५ हजार धरले तर ७५ हजार, वर दलाली, सामानाची दोनदा ने-आण आणि सोसायटीची फी धरून एक लाख समजा. राहिले ९ लाख २० हजार. ठेकेदार "प्लस जीएसटी" कोटेशन देणार असेल तर त्यावर १८ टक्के कर आहे. ९ लाख २० हजारांना १.१८ ने भागा. उत्तर येतं सुमारे ७ लाख ८० हजार.

म्हणजे बँकेत १२ लाख असले तरी कोटेशनवरच्या कराआधीच्या बेरजेचा आकडा ७ लाख ८० हजारांच्या आत हवा. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. शोरूममध्ये जाताना मनात १२ नको, हा हवा.

करासंबंधी दोन गोष्टी. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीचं एखादं जुनं अंदाजपत्रक कोणी दाखवलं तर सिमेंटचा भाव नव्याने विचारा. आणि ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल तर १८ टक्क्यांची ओळही नसली पाहिजे.

सोसायटी डिपॉझिट घेते, ते काम संपल्यावर परत मिळतं. पण तोपर्यंत तेवढे पैसे अडकलेले असतात, हे विसरू नका.

तिसरी पायरी: यादी करा आणि तिला क्रम लावा

खोलीनिहाय यादी सगळेच करतात. मला दुसरी पद्धत जास्त पटते. कागदाचे तीन भाग करा: भिंतीच्या आतलं, भिंतीवरचं आणि सुटं. पैसे याच क्रमाने वाटा.

भिंतीच्या आतलं म्हणजे पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, वॉटरप्रूफिंग, वायरिंग. जुन्या इमारतींत लोखंडी जीआय पाइप आतून गंजून बुजलेले असतात. बाथरूम फोडताय तर अर्धी लाइन जुनी ठेवून अर्धी नवी जोडू नका, सगळीच बदला. प्लास्टिक पाइपांपैकी गरम पाण्याला सीपीव्हीसी हवा, यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला चालतो. टाइल लावण्याआधी लाइनची प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती बघणं) करून घ्या.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला मी एक पैसाही कमी करू देणार नाही. फरशीखालची जुनी भरणी (भराव) पूर्ण काढायची, स्लॅब साफ करायचा, कोटिंग करायचं आणि मग बाथरूम पाण्याने भरून २४ ते ४८ तास तसंच ठेवायचं. या काळात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचं छत स्वतः बघा. त्यानंतरच भरणी आणि फरशी. ठेकेदार घाईत असतो, "साहेब, काही होत नाही" म्हणतो. पण या दोन दिवसांची टाळाटाळ पुढे नवी टाइल फोडायला लावते, आणि तोवर शेजाऱ्यांच्या छताचा रंगही तुमच्याच खर्चात येतो.

नळांच्या बाबतीत हाच नियम बारकाईने लावता येतो. शॉवरच्या डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे, ते वळवणारा भाग) बॉडी भिंतीत गाडली जाते, बाहेर दिसते ती नुसती मूठ. बॉडी चांगल्या कंपनीची घ्या आणि तिचे सुटे भाग पुण्यात मिळतात ना, ते दुकानदाराला विचारा. वाघोली, बावधन, उंड्री अशा भागांत जिथे बोअर किंवा टँकरचं जड पाणी येतं, तिथे क्षार साचून डायव्हर्टर लवकर अडकतो. बेसिनचा नळ मात्र साधा घेतला तरी चालेल, तो दहा मिनिटांत बदलता येतो.

वायरिंगसाठी प्रत्येक खोलीत उभं राहून पॉइंट मोजा. वायरची जाडी कोटेशनमध्ये लिहून घ्या: दिवे-पंख्यांना १.५, प्लगला २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटर. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. दोन एसी आणि इंडक्शन वाढणार असेल तर मंजूर वीजभार पुरतो का ते बिलावर बघा, कमी असेल तर महावितरणकडे आधीच अर्ज करा. स्वयंपाकघरात पाइप गॅस असेल आणि ओटा फिरवायचा असेल तर गॅसची लाइन हलवण्याचं काम एमएनजीएल या गॅस कंपनीकडूनच करून घ्यायचं. प्लंबरला त्या पाइपला हात लावू देऊ नका. कंपनीची तारीख मिळायला वेळ लागतो, ते वेळापत्रकात धरा.

दुसरा भाग भिंतीवरचा: फरशी, डॅडो (भिंतीवरच्या टाइल), ओटा, खिडक्या, चौकटी, रंग. इथे पैसे वाचवायला खरोखर वाव आहे. जुनी मोझेक फरशी घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत नसेल, तर तिच्यावरच केमिकलने नवी टाइल लावता येते. फोडण्याची मजुरी, राडारोडा, नवी भरणी आणि त्याची हमाली, सगळं वाचतं. मात्र उंची साधारण अर्धा ते पाऊण इंच वाढते. सगळी दारं खालून कापावी लागतात, उंबऱ्यांचं गणित बदलतं आणि स्लॅबवर वजन वाढतं. इमारतीच्या ऑडिटमध्ये स्लॅबबद्दल शंका असेल तर हा पर्याय सोडा. बाथरूममध्ये मी तो सुचवणार नाही, कारण खालचं वॉटरप्रूफिंग जुनंच राहतं.

बाथरूमच्या दाराला लाकडी चौकट पुन्हा बसवू नका. ग्रॅनाइटच्या पट्ट्यांची चौकट पाण्याने फुगत नाही आणि वाळवीही लागत नाही.

तिसरा भाग सुट्याचा: ट्रॉल्या, कपाटं, पडदे, दिवे, सोफा. पैसे कमी पडले तर कात्री इथे लावायची. ओट्याखाली पाइप, प्लग आणि ग्रॅनाइट नीट झालं असेल तर ट्रॉल्या पुढच्या दिवाळीला बसवता येतात. फॉल्स सीलिंग नंतर करायचं असेल तर त्याची वायर मात्र आताच ओढून ठेवा.

चौथी पायरी: मापं स्वतः घ्या

टेप घेऊन एक रविवार घालवा. ठेकेदाराच्या मापावर अविश्वास दाखवायचा म्हणून नाही, तर कोटेशन वाचता यावं म्हणून.

लहान बाथरूमचं उदाहरण बघा. ७ बाय साडेचार फूट, म्हणजे फरशी साडेएकतीस चौरस फूट. चारही भिंतींची लांबी २३ फूट, डॅडो ७ फूट उंच, म्हणजे १६१. त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले तर साधारण १४३. फरशी मिळवून टाइल लागली १७५ चौरस फूट. एवढ्याशा बाथरूमचा खर्च हॉलच्या बरोबरीने का जातो, ते या आकड्यावरून कळतं.

हॉल आणि दोन खोल्या मिळून फरशी ४८० चौरस फूट असेल आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची टाइलची पट्टी) १५० रनिंग फूट, चार इंच उंच, तर ते आणखी ५०. एकूण ५३०. कापण्यात-तुटण्यात ८ टक्के धरले तर ५७२. दोन बाय चारची टाइल दोन नगांच्या बॉक्समध्ये येते आणि एका बॉक्समध्ये साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतात. म्हणजे ३७ बॉक्स. वर एक बॉक्स जास्त घ्या आणि तो माळ्यावर ठेवा. मोरबीहून येणाऱ्या मालात प्रत्येक बॅचची छटा थोडी वेगळी असते. वर्षाने एक टाइल तडकली तर तीच छटा दुकानात मिळणं कठीण.

रंगाचं माप तर हमखास कमी धरलं जातं. १० बाय १२ च्या, साडेनऊ फूट उंच खोलीच्या भिंती ४१८ चौरस फूट आणि छत १२०. म्हणजे १२० फुटांच्या खोलीत ५३८ फुटांचा रंग, यातून दार-खिडकी वजा करायची. रंगाऱ्याबरोबर उघड्या जागा किती वजा करायच्या, ते आधीच ठरवा.

पाचवी पायरी: कोटेशन तुमच्या यादीवर मागवा

तीन ठेकेदारांना तीन वेगळी कोटेशनं देऊ दिली तर तुलना होत नाही. एकाने हमाली धरलेली असते, दुसऱ्याने नाही. तुमची यादी आणि मापं द्या, समोर फक्त दर भरायला सांगा. "सगळं मिळून एवढे" अशी ठोक रक्कम स्वीकारू नका. काम कमी-जास्त झालं की तिच्यातून काहीच वजा करता येत नाही.

प्रत्येक ओळीत मजुरीच की मालासकट, हे लिहिलेलं हवं. सुताराचा दर बहुतेक वेळा समोरच्या मापावर असतो. ७ बाय ७ चं कपाट म्हणजे ४९ फूट. पण त्या दरात आतले ड्रॉवर, पाठीचा प्लाय, आतलं लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनल आणि वरचा माळा धरला आहे का? प्लाय कोणता? ओट्याखाली आणि बाथरूमलगत आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय हवा, कोरड्या खोलीतल्या कपाटाला आयएस ३०३ चालतो. कंपनी आणि जाडी लिहा. रंगाऱ्याच्या ओळीत पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि रंगाचे दोन हात स्पष्ट लिहा. "चांगला रंग" हे शब्द कोटेशनमध्ये नकोत, डब्यावरचं पूर्ण नाव हवं.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वाळू, सिमेंट, टाइल चढवणं आणि राडारोडा उतरवणं हा मोठा खर्च आहे. पेठांमधल्या अरुंद गल्ल्यांत मोठी गाडी आत येत नाही, माल छोट्या टेम्पोत बदलून आणावा लागतो. दर मजल्याची हमाली वेगळ्या ओळीत लिहून घ्या. राडारोडा कुठे टाकणार, हेही विचारा. महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. नदीपात्रात किंवा टेकडीच्या कडेला टाकण्यावर दंड आहे, आणि दंड नसता तरी आपल्या घराची माती मुठेत टाकू देणं बरोबर नाही. वाहतुकीचे पैसे द्या आणि पावती मागा.

काढलेल्या जुन्या वस्तू कोणाच्या, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. जुन्या घरातल्या सागवानी चौकटी, पितळी नळ आणि लोखंडी ग्रिल यांना चांगली किंमत येते. ठरवलं नसेल तर त्या तोडफोडीच्या दिवशीच गाडीत जातात.

माल कोणी आणायचा

वेळ असेल तर टाइल, नळ, वायर आणि प्लाय स्वतः आणा, वाळू-सिमेंट ठेकेदारावर सोडा. विजेच्या सामानाला तपकीर गल्ली, हार्डवेअरला रविवार पेठेतली बोहरी आळी, प्लाय आणि लॅमिनेटला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. उपनगरातल्या दुकानाचा भाव आधी घ्या, मग तिथे जा. थोड्या मालासाठी टेम्पोभाडं घातलं की फरक संपतो, संपूर्ण घराच्या मालावर तो टिकतो. दर विचारताना "जीएसटी आणि पोहोच धरून?" हे प्रत्येक वेळी विचारा, आणि न लागलेले बॉक्स परत घेणार का, ते बिलावर लिहून घ्या.

कधी सुरू करायचं

वेळेचाही पैसा होतो, कारण भाडं चालू असतं. दिवाळीआधी सगळ्यांनाच काम संपवायचं असतं. त्या दोन महिन्यांत सुतार आणि रंगारी एकाच वेळी तीन-चार साइट धरतात. गणेशोत्सवात मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात, माल पोहोचत नाही. दिवाळी-छठ आणि होळीला उत्तरेकडचे कारागीर गावी जातात. जानेवारीत सुरू करून एप्रिल-मेपर्यंत संपवणं मला सर्वात सोयीचं वाटतं. होळीची सुट्टी त्यात धरा. गिलावा आणि पुट्टी नीट वाळते, बाहेरच्या भिंतींचं आणि गच्चीचं काम पावसाआधी आटोपतं.

बऱ्याच सोसायट्या दुपारी आणि रविवारी तोडफोड करू देत नाहीत. ती वेळ ठेकेदाराला आधी सांगा, नाहीतर दिवस वाढले म्हणून वाढीव हजेरी तुमच्याकडे मागितली जाते.

पैसे कसे द्यायचे

काम पुढे, पैसे मागे. सुरुवातीला १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त उचल देऊ नका. पुढचे हप्ते तारखेवर नको, टप्प्यावर ठेवा: तोडफोड आणि राडारोडा साफ, लाइनींची टेस्ट झाली, बाथरूममध्ये पाणी भरून बघितलं, फरशी झाली, रंगाचा पहिला हात झाला. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिन्याभराने. त्या महिन्यात सगळे नळ, दारं, ड्रेनेज रोजच्या वापरात तपासले जातात.

वाढीव काम निघतंच. ते करायला हरकत नाही, पण दर ठरल्याशिवाय हातोडा लागू नये. व्हॉट्सअॅपवर काम, माप आणि दर लिहून पाठवा, समोरून होकार आला की सुरू. ती रक्कम राखीव निधीतून जाते. निधी निम्मा संपला तर सुट्या वस्तूंच्या यादीतलं काहीतरी पुढे ढकला.

कर्ज काढायचंच असेल तर गृहकर्ज चालू असलेल्यांनी आधी टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव रक्कम, विचारावं. ५ लाख रुपये ५ वर्षांसाठी समजा ९ टक्क्यांनी मिळाले तर हप्ता १०,३७९ रुपये, १३ टक्क्यांनी घेतले तर सुमारे ११,३७६. पाच वर्षांत जवळजवळ ६० हजारांचा फरक, म्हणजे घराच्या पडद्यांचे पैसे. दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर राहत्या घरासाठी वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट आहे, पण जुन्या करप्रणालीत आणि गृहकर्जाच्या २ लाखांच्या एकूण मर्यादेतच. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती मिळत नाही.

पक्की बिलं जपून ठेवा. पुढे घर विकताना भांडवली स्वरूपाच्या सुधारणांचा खर्च नफ्यातून वजा करता येतो, आणि त्याला पुरावा लागतो. त्याच फाइलमध्ये आणखी एक गोष्ट हवी. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, पाइप आणि वायर दिसतील असे, शेजारी टेप धरून. कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती, हे फोटोत वाचता आलं पाहिजे. फोटो फोनमध्ये पुरले जातात, म्हणून छापून घ्या आणि एक प्रत मीटरच्या कपाटात ठेवा.